शिडाची बोट, सहा दिवस, मुंबई ते मालवण: शिधा काय आणि किती न्यावा?

हेलकावे:
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही सहा जण शिडाची बोट भाड्याने घेऊन मुंबईहून मालवणला निघतोय. मुक्काम मुरूड, हर्णे, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग आणि सहाव्या दिवशी संध्याकाळी मालवण. बोट ३८ फुटी, दोन बर्नरची शेगडी आहे, एक मोठा बर्फाचा पेटारा आहे, फ्रीजपण आहे पण तो इंजिन चालू असेल तेव्हाच चालतो म्हणे. जेवणखाण आमचं आम्ही बघायचं. ही जबाबदारी माझ्या गळ्यात पडली कारण मी कधीतरी म्हटलं होतं की मला स्वयंपाक आवडतो.

आत्तापर्यंतची यादी: तांदूळ १२ किलो, कणीक ५, रवा ४, तूरडाळ ३, पोहे २, कांदे ५, बटाटे ५, टोमॅटो ३, पालक-मेथी, पनीर, अंडी ४८, केळी २ डझन, तेल ५ लिटर, पाण्याचे २० लिटरचे ४ जार. दोघं पक्के शाकाहारी आहेत, त्यातल्या एकाची मध्ये संकष्टी येतेय. काही राहिलंय का?

मिठागर:
पंगतीच्या पत्रावळी आणि लाऊडस्पीकर राहिला.

सुरमई_गँग:
कोकणच्या समुद्रात पनीर घेऊन जाणार? मासे काय म्हणतील?

उकडीचा_भात:
एवढं सगळं कशाला नेताय? किनाऱ्यावर दर दोन-तीन तासांवर गाव आहे. रोज संध्याकाळी उतरा, खानावळीत जेवा, दुसऱ्या दिवसाची भाजी घ्या. बोटीवर फक्त चहा आणि बिस्किटं. आम्ही बाईकवर दापोली ते वेंगुर्ला असंच केलं होतं, कुठे उपाशी नाही राहिलो.

खाडीकर:
उकडीचा_भात, बाईक स्टँडवर लावता येते हो. बोटीचं तसं नसतं, त्यावर खाली येतो.

हेलकावे, पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही सहा नाही, आठ आहात. तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, आणि एक खलाशी बरोबर येणार ना? त्यांचं जेवण सहसा भाड्यात धरलेलं नसतं, ते तुमच्याच पातेल्यातलं असतं, आणि दिवसभर शीड ओढणारा माणूस आपल्यापेक्षा दीडपट जेवतो. आधी मालकाला विचारून घ्या.

दुसरी गोष्ट पाणी. समुद्रावर पिण्याचा आणि स्वयंपाकाचा मिळून माणशी दिवसाला ४ लिटर हिशेब धरतात. आठ माणसं, सहा दिवस म्हणजे १९२ लिटर. तुम्ही ८० लिहिलंय. टाकीतलं पाणी वेगळं, ते हात-तोंड धुवायला. आणि २० लिटरचा जार नको. हलत्या बोटीत तो उचलून ओतणं म्हणजे पाठीचं काम, शिवाय सुटला तर तोफगोळा. ५ लिटरचे कॅन घ्या. एखादा फुटला तरी पाचच लिटर जातं.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते खरी हीच. तुम्ही यादी दिवसांवरून केलीय, ती वाऱ्यावरून आणि भरतीवरून करा. फेब्रुवारीत सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो, समुद्र तळ्यासारखा. अकरा-बाराच्या पुढे वायव्येकडून खारा वारा धरतो, बोट पळायला लागते आणि एका अंगावर कलते. संध्याकाळी नांगर टाकला की परत शांत. म्हणजे चूल पेटवायच्या वेळा दोनच, सकाळी दहापर्यंत आणि नांगर टाकल्यावर. दुपारचं जेवण बिनचुलीचं, एका हाताने खाता येईल असं, कारण दुसऱ्या हाताने काहीतरी धरलेलं असतं.

उकडीचा_भात:
बरं दुपारचं कळलं. पण रात्री उतरून जेवायला काय हरकत आहे?

खाडीकर:
हर्णेचंच बघा. बहुतेक ठिकाणी बोट बाहेर नांगरावर आणि डिंगीने, म्हणजे बरोबरच्या छोट्या होडीने, काठाला जायचं. कोळ्यांचा ठोकताळा आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. (अदमास मिळतो, नक्की वेळ भरतीच्या तक्त्यात बघायची.) तुम्ही पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी निघताय, म्हणजे हर्णेला वद्य द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड. दीडला भरती, म्हणजे साडेसात-पावणेआठला पूर्ण ओहोटी, त्यातून उधाणाचे दिवस, पाणी लांबवर ओसरणार. मासळीचा लिलाव बघायला पाचला डिंगी वाळूवर लावली, मासळी घेतली, जेवून साडेसातला परत आलात, तर डिंगी कोरड्या वाळूत आणि पाणी पार तिकडे. मग इंजिनासकट ती डिंगी ओढत न्यायची, अंधारात, हातात सुरमई. आम्ही केलंय. तेव्हापासून हर्णेला दोघंच उतरतात आणि दिवेलागणीच्या आत परत.

मिठागर:
अंधारात, हातात सुरमई. कथासंग्रहाला नाव सापडलं.

अर्धी_बुडालेली:
खाडीकरांशी सहमत. माझा अनुभव सांगते. तीन वर्षांपूर्वी आम्ही पाच मैत्रिणी दाभोळपर्यंत गेलो होतो, मी मोठ्या हौसेने दुपारचं वरणभात-बटाटाभाजी असं ठरवलेलं. बाणकोटच्या समोर असताना वारा वाढला, शेगडी झोपाळ्यासारखी झुलणारी होती त्यामुळे मी निर्धास्त, शेगडी सरळच राहत होती, बोट तिच्याभोवती हलत होती. आणि मग मी अतिशहाणपणाने वरणाचं पातेलं उचलून ओट्यावर ठेवलं. ओटा काही झुलत नव्हता. पातेलं आधी उजवीकडे गेलं, मग विचार केल्यासारखं थांबलं, मग डावीकडे सरळ पायऱ्यांवर. हिंग-जिऱ्याची फोडणी दिलेलं वरण लाकडी फटींतून खाली बोटीच्या पोटात गेलं आणि पुढचे तीन दिवस आम्ही आमटीच्या वासात झोपलो. नशीब अंगावर नाही आलं. तेव्हापासून बोटीवर माझा एकच नियम, कुकर. झाकण लागतं, उलटा पडला तरी सांडत नाही. भात, खिचडी, डाळ, बटाटे, पाव गरम करणंसुद्धा कुकरात.

आजीची_फोडणी:
कुकर अर्ध्याच्या वर भरू नका मात्र.

दुपारच्यासाठी दशम्या न्या गं. दुधात भिजवलेल्या, पाण्याचा हात नाही लावायचा. कणीक, चवीला मीठ, चमचाभर तेलाचं मोहन आणि मावेल तेवढं दूध. जरा जाडसर लाटायच्या, मंद तव्यावर तेल न सोडता दोन्हीकडून डाग पडेपर्यंत भाजायच्या. मुख्य काम पुढेच आहे. गरम असताना एकावर एक रचायच्या नाहीत, सुती कापडावर सुट्या पसरायच्या, पूर्ण गार झाल्या की त्याच कापडात बांधायच्या. फॉइलमध्ये घातल्या की घाम धरतात आणि दुसऱ्या दिवशी आंबूस. थंडीत दोन-तीन दिवस छान राहतात. बरोबर शेंगदाण्याची चटणी, लसणीची सुकी चटणी, लिंबाचं लोणचं. ओलं खोबरं घातलेलं काही नको, ते दुपारीच नासतं. पुढच्या दिवसांना दडपे पोहे करा. पातळ पोहे, कांदा, लिंबू, मीठ, साखर, नारळाचं पाणी शिंपडून दडपून ठेवायचे, गॅस लागतोच कुठे? फोडणी सकाळीच करून छोट्या बाटलीत भरून ठेवायची.

कुळीथ:
मी काठावरचा प्राणी, पण मला एक कळत नाही, पहिल्या दिवशी जेवणार कोण आहे? निम्म्या लोकांना बोट लागणार. आमच्या वेळी सहातले चार आडवे होते, मी आणि खलाशी दोघं सगळ्यांच्या वाटणीचे बटाटेवडे खात बसलो होतो, मग मीपण आडवा.

खाडीकर:
अगदी. पहिला दिवस सौम्य ठेवा. रिकाम्या पोटी निघायचं नाही आणि वडापाव हाणूनही नाही. खारी, टोस्ट, कुरमुरे, मेतकूट-भात. आलेपाक खिशात. लागायची सवय असेल तर गोळी डॉक्टरांना विचारून निघायच्या आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकतच नाही. ज्याला मळमळतंय त्याला खाली चूल सांभाळायला पाठवू नका, वर बसवा, क्षितिजाकडे बघायला सांगा. म्हणून हेलकावेताई, दुसरा स्वयंपाकी आत्ताच नेमा. तुम्हालाच बोट लागली तर १२ किलो तांदळाचं काय करणार?

हेलकावे:
हा विचारच केला नव्हता. नवरा मॅगी करू शकतो.

मिठागर:
६ x ८ = ४८ मॅगी. यादीत ४८ अंडी आहेतच. योगायोग नाही हा.

पुणेरी_पंचा:
लिंबं भरपूर न्या हो. जुन्या काळी खलाशी स्कर्व्हीने मरायचे. १७४७ साली जेम्स लिंड नावाच्या डॉक्टराने जहाजावर १२ आजारी खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येकीला वेगळं काहीतरी दिलं, तर संत्री-लिंबं खाणारी जोडी सगळ्यात झपाट्याने सुधारली.

सुरमई_गँग:
मुरूडला पोचेपर्यंत स्कर्व्ही होत नाही पंचा. पण लिंबं न्या, माशाला लागतात.

नांगरगडी:
गॅसबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर खिडकी उघडतो आपण, बोटीत तो खाली तळाशी जाऊन साचतो आणि तिथून आपोआप बाहेर पडत नाही. एक ठिणगी पुरते. म्हणून चहा झाला तरी नॉब बंद आणि सिलिंडरवरचा व्हॉल्व्हसुद्धा बंद, दर वेळी. तळण पूर्ण बंद. ५ लिटर तेल कसलं नेताय, कलत्या बोटीत उकळतं तेल म्हणजे आत्महत्या. दीड लिटर पुष्कळ झालं. स्वयंपाक करताना अंगभर कपडे, हाफ पँटवर पेज उकळायला उभं राहू नये. आणि कोस्ट गार्डचा १५५४ हा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये असू दे.

कुळीथ:
जाता जाता, विळी नेऊ नका. माझ्या मेहुण्याने बोटीवर नारळ खवायला विळी नेली होती. सविस्तर सांगत नाही, चार टाके.

आजीची_फोडणी:
अगं बाई! हाताने फिरवायची खवणी मिळते, नाहीतर सुकं खोबरं किसून न्या. नारळ मात्र अख्खे न्या, सोलून शेंडी ठेवलेले. फ्रीज लागत नाही, आठवडाभर काही होत नाही. आणि एक जास्तीचा धरा, निघताना दर्याला वाहायला.

खाडीकर:
भाज्यांचं सांगतो. पालक, मेथी, पनीर पहिल्या रात्रीच संपवा किंवा नेऊच नका. बोटीच्या पोटात दमट उकाडा असतो. टिकतात त्या म्हणजे कोबी, लाल भोपळा, सुरण, दुधी, गाजर, कैरी. टोमॅटो निम्मे कच्चे घ्या. कांदे-बटाटे एका पिशवीत नको, बटाट्याला लवकर मोड येतात, जाळीच्या पिशव्यांत वेगवेगळे टांगा. केळी दोन डझन एकदम घेतलीत तर सगळी एकाच दिवशी पिकतील आणि शेजारच्या फळांनाही पिकवतील. गोऱ्या खलाशांमध्ये तर केळी बोटीवर नेणं अपशकुन मानतात. अर्धा डझन पिकलेली, अर्धा डझन हिरवी, बास.

पुठ्ठ्याची खोकी काठावरच टाका, त्यातून झुरळं चढतात. डाळ-पीठ घट्ट झाकणाच्या प्लास्टिक बरण्यांत, वर मार्करने नाव. काचेची एकही बरणी नको, लोणच्याचीसुद्धा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे आधी लागणार ते वर ठेवा. आम्ही एकदा चहापावडर इतकी नीट आत ठेवली होती की ती मालवणला सापडली.

बर्फासाठी मच्छीमार बंदरावर विचारा, बर्फाचे कारखाने असतात. चुरा नको, लादी मागा, गोणपाटात गुंडाळली की बरीच जास्त टिकते. मासळीचा बर्फ आणि दह्या-दुधाचा पेटारा वेगळा. निघताना पाण्याच्या काही बाटल्या गोठवून न्या, बर्फपण झाला आणि वितळला की पाणीपण.

मिठागर:
मग समुद्राचंच पाणी वापरून भात केला तर मिठाचं आणि पाण्याचं दोन्ही काम?

खाडीकर:
थट्टा करताय पण करतात तसं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, म्हणून तीन वाट्या गोडं आणि एक वाटी खारं, वरून मीठ नाही. पण लांब बाहेरचं पाणी. खाडीत किंवा बंदरात चुकूनही नाही, तिथे डिझेल आणि काय काय असतं. भांडी घासायला खारं पाणी, शेवटचा हात गोड्याचा.

पडावातला_नातू:
माझ्या आजोबांची आठवण आली. ते मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून बोटीने विजयदुर्गला उतरायचे. बोट बाहेर उभी राहायची आणि पडावातून काठाला यायचं. बरोबर शिदोरी म्हणजे तिखटमिठाच्या पुऱ्या, गुळाचा खडा आणि फिरकीच्या तांब्यात पाणी. ते म्हणायचे, बोटीवर शेजाऱ्याला पुरी विचारायची नाही, आधी त्याचा चेहरा बघायचा.

आणि पाण्याचा विषय निघालाच आहे तर, मालवणला पोचलात की सिंधुदुर्गात दूधबाव, दहीबाव, साखरबाव बघाच. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि आत तीन गोड्या विहिरी. १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर बांधकामाला हात घातला. जंजिऱ्यातसुद्धा गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत. तुम्ही १९२ लिटरचा हिशेब करताय, त्यांनी अख्ख्या शिबंदीचा केला होता.

उकडीचा_भात:
हे भारी. पण विहिरी दाखवून माझ्या मुद्द्याला बगल मिळाली. रत्नागिरीत तरी उतरून जेवा की.

खाडीकर:
रत्नागिरीत जेवा, मान्य. तिथे धक्का आहे, बाजार आहे, अर्ध्याहून जास्त प्रवास झालेला असतो, भाजी-दूध-पाणी पुन्हा भरून घ्या. म्हणजे सहा दिवसांचा शिधा एकदम लागतच नाही, चार दिवसांचा आणि वर एक दिवसाचा राखीव. वारा फार वाढला तर एखादा दिवस खाडीतच बसून काढावा लागतो, त्या दिवसासाठी राखीव. त्यात कुळथाची पिठी, तांदूळ, सुकी मासळी, चहा, गूळ. तो डबा बांधून ठेवायचा आणि नावही काढायचं नाही.

सुरमई_गँग:
सुकी मासळी! अखेर कोणीतरी बोललं. सोडे आणि जवळा न्या, जवळ्याची कोरडी चटणी आणि पेज, याच्यापुढे पंचतारांकित झक मारतं. पण डबा तीनदा गुंडाळा, नाहीतर ते दोन शाकाहारी जयगडला उतरून एसटी पकडतील.

नांगरगडी:
कचऱ्याचं पण लिहितो. "सालंच आहेत, टाका समुद्रात" असं लोक करतात. जहाजांसाठीचा आंतरराष्ट्रीय नियम खाण्याचा कचरा काठापासून १२ सागरी मैलांच्या पलीकडेच टाकायचा असा आहे, अगदी बारीक दळलेला असेल तर ३ मैल. तुम्ही अख्खा प्रवास बाराच्या आतच करणार. तेव्हा झाकणाची एक बादली ठेवा. प्लास्टिक तर अजिबातच नाही, ते फिरून जाळ्यात येतं.

हेलकावे:
सगळ्यांचे आभार, यादी पूर्ण फाडली. आता अशी आहे: तांदूळ ५ किलो (त्यात उकडे २), कणीक दीड आणि वर ४० दशम्या, रवा घरून भाजून १ किलो, मूगडाळ-तूरडाळ मिळून २, पातळ पोहे दीड किलो, कुळीथ पिठी, मेतकूट, तीन सुक्या चटण्या, कोबी-भोपळा-गाजर, अंडी ३०, नारळ ६ + १, कोकम आगळाची बाटली, तेल दीड लिटर, ५ लिटरचे २४ कॅन आणि रत्नागिरीत अजून १५ कॅन. दोन कुकर. ताटं रद्द, आठ खोलगट वाडगे. मालकांना विचारलं, हो, आठ जणच. संकष्टी रत्नागिरीच्या मुक्कामी येतेय, त्याला रताळी आणि वरीचे तांदूळ.

मिठागर:
दुसरा स्वयंपाकी?

हेलकावे:
नवऱ्याने खिचडीची तीन वेळा प्रॅक्टिस केली. दोनदा खाल्ली.

आजीची_फोडणी:
सुखरूप जाऊन या. आल्यावर लिहा.

हेलकावे:
आलो! मालवणहून परत येऊन आठवडा झाला, आज वेळ मिळाला.

मला बोट लागली. मांडव्याच्या पुढे जी आडवी झाले ती मुरूडला उठले. नवऱ्याने कुकरात मेतकूट घालून मऊ भात केला, वाडग्यात दिला, आणि मी आयुष्यात इतकं चविष्ट काही खाल्लेलं नाही. आता हे तो सगळ्यांना सांगत सुटलाय.

दशम्या दुसऱ्या दिवशी दुपारीच संपल्या, ४० च्या ४०. खलाशी दादांनी एकट्यांनी ९ खाल्ल्या, वर विचारलं "वयनी, आजून हायत?" हर्णेला दोघं जण साडेपाचला उतरून सव्वासहाला परत. लिलावात टोपल्याच्या टोपल्या जातात, आपल्याला किलोभर कोण देणार, पण बाजूला बसलेल्या मावशींकडून बांगडे मिळाले, त्यांनीच साफ करून दिले. रात्री आगळ घालून तिखलं. तळलं काही नाही, नांगरगडींची शपथ. रव्याचा एक किस्सा... नको, ते राहू दे, नवरा वाचतोय.

संकष्टीची मात्र गंमत झाली. पंचांगातली चंद्रोदयाची वेळ झाली, आम्ही आठही जण डेकवर पूर्वेला तोंड करून, आणि पूर्वेला डोंगर. चंद्र काही वर येईना. उपासवाला म्हणतो, तांडेल, बोट जरा बाहेर घ्या ना. तांडेल म्हणाले, नांगर देवासाठीसुद्धा एकदाच उचलतो, सकाळी. बाकीचे काठावर जेवायला निघालेले तेपण त्याच्यासाठी थांबले, त्यामुळे खानावळ बंद झाली आणि सगळ्यांनीच वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी खाल्ली.

पाणी पुरलं, दोन कॅन उरले. राखीव डबा उघडावा लागला नाही, सोडे घरी आणलेत. कोबी संपला नाही, कोबीचं कोणालाच काही वाटत नाही.

उकडीचा_भात:
म्हणजे रत्नागिरीत पण उतरून जेवला नाहीत??

हेलकावे:
नाही. सकाळी मिसळ खाल्ली पण.

सुरमई_गँग:
सोड्यांचं काय करणार आहात? डोंबिवलीत असाल तर मी येऊ शकतो.